देवाच्या राज्याची मूल्यं रोजच्या जगण्यात कशी आणायची? एकेक पायरी करत

"तुझे राज्य येवो" असं आपण प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो आणि त्याच दमात पुढे म्हणतो की जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटून आलीत. देवाच्या मनासारखं जिथे होतं तिथे त्याचं राज्य आलं, मग ती जागा तुमचं ऑफिसातलं टेबल असो, हातातला मोबाईल असो, नाहीतर सख्ख्या भावाशी बंद पडलेलं बोलणं असो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही मूल्यं तोंडपाठ असतात. नम्रता, क्षमा, न्याय, दया, शांती, सगळं संडे स्कूलपासून ऐकलेलं. तरी सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही, कारण आपण त्यांच्याकडे चांगल्या गुणांची यादी म्हणून बघतो आणि यादी वाचून कोणी बदलत नाही. मला वाटतं प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा: राजाची आज्ञा आणि माझी सवय जिथे एकमेकींना आपटतात तिथे शेवटी कोणाचं चालतं? खालच्या सगळ्या पायऱ्या ह्याच प्रश्नावर उभ्या आहेत. सगळ्या एकदम करू नका, एक घ्या, ती खरोखर करा, मग दुसरी.

आधी राज्य म्हणजे काय ते पक्कं करा

मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचं पहिलंच वाक्य राज्याबद्दल आहे (मार्क 1:15): काळ पूर्ण झालाय, देवाचं राज्य जवळ आलंय, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. पुनरुत्थानानंतर 40 दिवस तो शिष्यांना दिसत राहिला तेव्हाही बोलत होता ते देवाच्या राज्याबद्दलच (प्रे. कृत्ये 1:3). म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत विषय हाच.

दोन चुकीच्या समजुती आधी बाजूला काढा. एक म्हणजे राज्य फक्त मेल्यानंतरचं, आत्ता कसंही जगलं तरी तिकीट पक्कं आहे. दुसरी म्हणजे राज्य म्हणजे सत्ता, आपल्या लोकांचं वजन वाढलं की देवाचं राज्य आलं. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक येशूला जबरदस्तीने राजा करायला निघाले तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान 6:15), आणि रोमी सुभेदार पिलातासमोर त्याने स्पष्ट सांगितलं की माझं राज्य ह्या जगाचं नाही. तरीही ते जगातच जगायचंय, रोज, माणसांमध्ये.

अजून एक गोष्ट, आणि हिच्याशिवाय बाकी सगळं ओझं होऊन बसतं. राज्यात प्रवेश आपल्या चांगल्या वागण्याने मिळत नाही. नव्याने जन्मल्याशिवाय ते दिसतही नाही, असं येशूने निकदेमाला सांगितलं, आणि निकदेम तर शास्त्र शिकवणारा माणूस होता. पौल म्हणतो की देवाने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून काढून आपल्या प्रिय पुत्राच्या राज्यात आणून ठेवलं (कलस्सै 1:13), आपण चालत चालत पोचलो असं तो म्हणत नाही. म्हणून खालचं जे काही कराल ते आत घेतलेल्या माणसासारखं करा, दारावर उभं राहून परीक्षा देणाऱ्यासारखं नको. डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवातच जे आत्म्याने दीन त्यांच्यापासून होते, ज्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही, आणि स्वर्गाचं राज्य त्यांचंच आहे.

पेन घेऊन मत्तय 5 ते 7 वाचा

डोंगरावरचं प्रवचन म्हणजे हेच तीन अध्याय, मिळून 111 वचनं होतात, पंधरावीस मिनिटांत एका बैठकीत वाचून होतात. पण बरेचसे विश्वासी हे तुकड्यातुकड्यांत वाचतात, एक वचन कॅलेंडरवर, एक स्टेटसला, त्यामुळे सगळं मिळून किती थेट आहे ते जाणवतच नाही. एकदा सलग वाचा, शक्यतो मोठ्याने.

मग दुसऱ्या वेळी वाचताना तीन प्रकारच्या खुणा करा. ज्या वचनाचं पालन तुम्ही आधीपासून करताय तिथे बरोबरची खूण. ज्या वचनापाशी मन लगेच म्हणतं की "ह्याचा अर्थ तसा नाहीये, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" तिथे प्रश्नचिन्ह. आणि जे वचन वाचताना एखाद्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, किंवा एखादा व्यवहार, किंवा मोबाईलमधलं काहीतरी आठवलं, तिथे गोल करा.

सुरुवात त्या गोलापासून करायची. सगळ्यात सोप्या वचनापासून सुरू करावं असं आपल्याला वाटतं, पण पवित्र आत्मा ज्यावर बोट ठेवतोय ते सोडून दुसरं काहीतरी मन लावून करणं हा आज्ञा टाळायचाच एक प्रकार आहे. इस्राएलच्या शौल राजाने तेच केलं होतं. देवाने जे नष्ट करायला सांगितलं त्यातलं उत्तम उत्तम ठेवून घेतलं आणि वर यज्ञासाठी ठेवलं म्हणून सांगितलं (1 शमुवेल 15).

दुसरं कोण राज्य करतंय ते शोधा

कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही हे मत्तय 6:24 आपल्याला माहीत असतं, पण दुसरा धनी कधी स्वतःचं नाव सांगून येत नाही, त्याला शोधावं लागतं. त्यासाठी चार ठिकाणी बघा. मागच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट उघडून पैसा कुठे गेला बघा. मोबाईलमधला स्क्रीन टाईम बघा. मागच्या आठवड्यात सगळ्यात जास्त राग कशावरून आला ते आठवा, कारण आपण ज्याला देवाच्या जागी बसवलेलं असतं त्याला धक्का लागला की राग येतो. आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा कसली भीती वाटते ते लिहा.

भीतीवर जरा थांबा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात पैशाच्या धन्याबद्दल बोलून झाल्यावर येशू लगेच चिंतेकडे वळतो, "ह्यास्तव" असा शब्द वापरून. काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं. आणि त्या सगळ्याच्या शेवटी ते प्रसिद्ध वचन येतं, "तर तुम्ही पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा" (6:33). हे वचन बऱ्याचदा भरभराटीचं आश्वासन म्हणून सांगितलं जातं, पण ते बोललं गेलं चिंतेत पडलेल्या, उद्याची खात्री नसलेल्या लोकांशी. त्यांना श्रीमंत करायचं आश्वासन त्यात नाही, गरजा पित्याला माहीत आहेत असं आश्वासन आहे, म्हणजे त्यांचे हात मोकळे राहतील. चिंतेने भरलेला माणूस उदार होऊ शकत नाही, खरंही बोलू शकत नाही, त्याला सतत स्वतःला वाचवायचं असतं. म्हणून मूल्यांची सुरुवात खूपदा भीती देवाला सांगण्यापासून होते. प्रार्थनेत मोघम "चिंता काढून टाक" म्हणू नका, भीती नाव घेऊन सांगा: नोकरी जाईल, मुलीचं कसं होईल, लोक काय म्हणतील.

तुटलेलं नातं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते विश्वासी माणसाची खरी कसोटी इथेच लागते, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यात जास्त टाळली जाणारी आज्ञाही हीच आहे. वर्षानुवर्षं एकाच उपासनेत दोन टोकांना बसणारी, प्रभुभोजनात एकाच प्याल्यात सहभागी होणारी आणि एकमेकांशी न बोलणारी माणसं सगळीकडे सापडतील.

मत्तय 5:23-24 बघा. तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलायस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काहीतरी आहे असं तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे ऐकणारे लोक होते गालीलातले आणि वेदी होती यरुशलेमाच्या मंदिरात, पायी जवळजवळ तीन दिवसांचा रस्ता. म्हणजे यरुशलेमला पोचून, रांगेत उभं राहून, ऐन वेळी सगळं सोडून परत घरी जायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. येशूला समेट किती महत्त्वाचा वाटतो ते ह्यावरून कळतं. आणि नीट वाचा, राग तुमच्या मनात आहे असं तिथे म्हटलेलंच नाही, राग त्याच्या मनात आहे, तरी जायचंय तुम्ही.

चूक तुमची असेल तर असं करा. त्या माणसाला फोन करून भेटायची वेळ मागा, मेसेजवर माफी उरकू नका, अगदीच दूर असेल तर गोष्ट वेगळी. भेटल्यावर काय केलं ते नेमकं बोला: "मी तुझ्या पाठीमागे अमक्याला असं असं सांगितलं, ते खोटं होतं." "काही चुकलं असेल तर माफ कर" हे वाक्य अजिबात वापरू नका, त्यात काहीच कबूल केलेलं नसतं. स्वतःची कारणं सांगू नका, त्याच्या चुका काढू नका, त्याचंही चुकलं असेल पण आजची भेट त्यासाठी नाही. नुकसान झालं असेल तर ते कसं भरून देणार ते सांगा. आणि त्याने लगेच माफ केलं नाही तर ओढाताण न करता परत या, त्याला वेळ लागू शकतो.

चूक समोरच्याची असेल तर मत्तय 18:15-17 आहे. आधी दोघांतच, एकट्याने. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घेऊन. तरी नाही तर मंडळीला कळवून. आपण हा क्रम नेमका उलटा करतो, आधी सगळ्या ग्रुपला कळतं, मग पाळकांना, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याकडून. "प्रार्थनेसाठी सांगतेय हां" म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं किती खरोखर प्रार्थनेसाठी असतं ते प्रत्येकाने स्वतःला विचारावं. एक नियम करून बघा: ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय तिसऱ्याशी बोलायचं नाही. एवढा एक नियम मंडळीतल्या निम्म्या लोकांनी पाळला तर तिथली हवा बदलेल असं मला मनापासून वाटतं.

आता क्षमा. पेत्र ह्या शिष्याने विचारलं सात वेळा करू का, आणि येशूने उत्तरात एक दाखला सांगितला (मत्तय 18:21-35). एका चाकराचं राजाला देणं होतं दहा हजार तालांत, राजाने ते सगळं माफ केलं, आणि त्याच चाकराला दुसऱ्याकडून येणं होतं शंभर दिनार, त्यासाठी त्याने त्याची नरडी धरली. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. हिशोब केला तर पहिलं देणं सहा कोटी दिवसांची मजुरी, कितीही जन्म घेतले तरी न फिटणारं. दुसरं देणं शंभर दिवसांचं. शंभर दिवसांची मजुरी काही लहान रक्कम नाहीये हे लक्षात घ्या, तीनसाडेतीन महिन्यांची कमाई. येशू असं म्हणत नाही की तुमच्यावर झालेला अन्याय क्षुल्लक आहे. तो खरा आहे, दुखतो, पण ज्याची सहा कोटी दिवसांची वही फाडली गेली त्याने दुसऱ्याची नरडी धरायची नसते.

म्हणून क्षमेची तयारी दोन कागदांनी करा. एका कागदावर त्या माणसाने काय केलं ते प्रामाणिकपणे लिहा, कमी न करता. दुसऱ्यावर देवाने तुम्हाला काय काय क्षमा केलंय ते लिहा, तेही कमी न करता. मग पहिला कागद हातात धरून देवासमोर नाव घेऊन बोला, "हे मी तुझ्या स्वाधीन करतो, ह्याची वसुली मी करणार नाही." भावना लगेच बदलतीलच असं नाही. कोरी टेन बूम ह्या डच बाईंनी स्वतःच सांगून ठेवलेला अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांना घरात लपवल्याबद्दल त्यांना बहिणीसकट रेव्हन्सब्रुकच्या छळछावणीत टाकलं, बहीण बेट्सी डिसेंबर 1944 मध्ये तिथेच वारली. पुढे 1947 मध्ये म्युनिकमध्ये क्षमेवर बोलून झाल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांचा हात उठेना. आत काहीच प्रेम नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली की हात मी उचलू शकते, भावना तू दे, आणि हात पुढे केला, आणि त्या सांगतात की प्रेम त्यानंतर आलं. क्रम असाच असतो बहुतेक वेळा. आज्ञापालन आधी, भावना मागून.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे कारण ह्या शिकवणीचा गैरवापर होतो. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नाही. घरात मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचार होत असेल, लहान मुलाला कोणी त्रास देत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांना कळवा, विश्वासू माणसाला सांगा. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे वाईट करणाऱ्याला शिक्षा करायला देवानेच अधिकारी नेमलेत, त्यांच्याकडे जाणं म्हणजे सूड घेणं नव्हे. "क्षमा कर आणि परत जा" असं कोणी पीडित बाईला सांगत असेल तर तो देवाच्या राज्याचं नाव घेऊन अन्यायाला आसरा देतोय. क्षमा तुम्ही एकट्याने करू शकता, विश्वास पुन्हा बसायला मात्र समोरच्याने बदललेलं दिसावं लागतं, आणि त्याला वर्षं लागू शकतात.

पैसा: जक्कयाकडून शिका

येशूला बघायला जक्कय हा जकातदार झाडावर चढला ती गोष्ट सगळ्यांना आवडते, पण त्याचा आकडा नीट बघितलाय का? (लूक 19) अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असं होतं (गणना 5:7). चौपटीचा नियम होता मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी किंवा विकणाऱ्यासाठी. म्हणजे जक्कयाने स्वतःला सरळ चोराच्या रांगेत उभं केलं आणि कडक नियम लावून घेतला, आणि विशेष म्हणजे येशूने त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, फक्त तुझ्या घरी उतरायचंय एवढंच म्हटलं होतं.

तर पैशाची पहिली पायरी दानाची नाही, परत करण्याची आहे. कोणाचं उसने घेतलेलं राहिलंय, कामाच्या ठिकाणी खोटं बिल लावलंय, कर चुकवलाय, भावंडांच्या वाटणीत कोणाचा हिस्सा दाबलाय, हाताखालच्या माणसाचा पगार अडकवलाय, हे आधी लिहून काढा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचलाय. कोणाचे पैसे दाबून त्यातून दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला तर तो देवाला नको आहे. एकदम परत करणं शक्य नसेल तर त्या माणसाला भेटा, हप्ते ठरवा, आणि लिहून द्या.

मग दान. त्याला एकच कसोटी लावा, गरीब विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी छोट्या नाण्यांची (मार्क 12:41-44). येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून बघत होता आणि त्याने मोजलं ते किती टाकलं हे नाही, टाकल्यावर किती उरलं हे. तुमच्या दानामुळे तुमच्या जगण्यात काहीच बदलत नसेल, एकही गोष्ट पुढे ढकलावी लागत नसेल, तर ते अजून वरच्यावरचं आहे. रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढा, उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. आणि जो परतफेड करू शकणार नाही त्याला द्या, लूक 14 मध्ये येशूने आमंत्रणाबद्दल हेच सांगितलंय, मित्र, नातेवाईक, श्रीमंत शेजारी ह्यांना बोलावू नकोस कारण ते तुलाही परत बोलावतील.

कर्जात असलेल्यांसाठी एवढंच, तुमच्यावर अपराधीपणाचं ओझं टाकून कोणी देणग्या मागत असेल तर गप्प बसून ऐकू नका. कर्ज फेडणं हेही नीतिमत्त्वच आहे.

होय म्हणजे होय

"तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे" (मत्तय 5:37). त्या काळी लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमाची शपथ घ्यायचे आणि कुठली शपथ बांधते, कुठली नाही ह्याच्या पळवाटा ठरलेल्या असायच्या. आपल्या पळवाटा वेगळ्या आहेत. घरून निघालेलो नसतो आणि "पोचतोच आहे" म्हणतो. काम सुरूच केलेलं नसतं आणि "ऑलमोस्ट झालंय" असा मेल टाकतो. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" लिहितो आणि विसरतो.

एक आठवडा फक्त ह्यावर काम करा. खोटं बोललात हे लक्षात आल्याबरोबर, त्याच संभाषणात, दुरुस्त करा: "नाही, मी अजून निघालो नाहीये." लाज वाटते, पण त्या लाजेमुळेच सवय मोडते. प्रार्थना करतो असं लिहायच्या आधी तिथल्या तिथे दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि मग "केली" असं लिहा. आणि फॉरवर्ड. दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल, नेत्यांबद्दल किंवा एखाद्या पाळकांबद्दल आलेला मेसेज खरा आहे की नाही हे न बघता पुढे ढकलणं म्हणजे खोटी साक्ष देणं आहे, दहा आज्ञांतल्या नवव्या आज्ञेचं उल्लंघन, "ॲज रिसीव्ह्ड" लिहिल्याने ते पुसलं जात नाही.

नोकरीत वरिष्ठ खोटं लिहायला सांगत असतील तर हे सोपं नाहीये, मला माहितीये. बाबेलच्या राजाच्या दरबारात नेलेल्या दानिएलाला राजाचं अन्न खायचं नव्हतं, त्याने काय केलं ते दानिएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात बघा: मनात आधी ठरवलं, मग अधिकाऱ्याशी नम्रपणे बोलला, आणि त्याला पर्याय सुचवला, दहा दिवस फक्त शाकभाजी देऊन बघा म्हणाला. तुम्हीही आधीच ठरवून ठेवा की काय लिहिणार नाही, आणि नकार देताना खरा आकडा टाकून दुसरा रिपोर्ट तयार ठेवा. तरी किंमत मोजावी लागू शकते. नीतिमत्त्वासाठी ज्यांचा छळ होतो ते धन्य असं म्हणताना येशूने ही गोष्ट लपवलेली नाही.

पहिली खुर्ची सोडा

याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे त्याच्या उजव्याडाव्या बाजूची जागा मागायला आले तेव्हा बाकीचे दहा जण रागावले (मार्क 10:41). का रागावले असतील? बहुतेक तीच जागा त्यांनाही हवी होती म्हणून. शेवटच्या भोजनाच्या वेळीसुद्धा आपल्यात मोठा कोण ह्यावर वाद झालाच, लूकने नोंदवून ठेवलंय. मंडळीतल्या कमिटीच्या निवडणुका, स्टेजवर कोण बसणार, कोणाचं नाव आधी घेतलं, ह्यावरून जे होतं ते काही नवीन नाही.

येशूने ह्यावर भाषण थोडं केलं आणि शिष्यांचे पाय धुतले. तर तुमच्या रोजच्या जागी सगळ्यात खालचं, कोणालाच नको असलेलं काम कुठलं आहे ते शोधा आणि ते नेमाने तुमच्याकडे घ्या, उपासनेनंतर खुर्च्या आवरणं, टॉयलेट साफ करणं, अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं. पद असेल तर जास्तच गरजेचं. आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून तपासा, चांगल्या कपड्यातला माणूस उपासनेला आला की आपण कसे उठून उभे राहतो आणि मळक्या कपड्यातला आला की कुठे बसवतो. जात, पैसा, शिक्षण, भाषा, गोरा रंग बघून वागणूक बदलणं ह्याला हे पत्र लिहिणारा याकोब सरळ पाप म्हणतो.

गुप्तपणे करा

दान, प्रार्थना, उपास, तिन्हींबद्दल येशू एकच सांगतो: लोकांना दिसावं म्हणून नको. महिन्यातलं निदान एक चांगलं काम असं ठेवा की ज्याचा फोटो नाही, पोस्ट नाही, साक्षीत उल्लेख नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगितलेलं नाही. ते कोणालाच कळलं नाही म्हणून किती चुकचुकतं ते बघा, त्यावरून आपण आत्तापर्यंत कोणासाठी करत होतो ते समजेल.

जो आपला नाही त्याच्यासाठी

रोमी शिपाई वाटेत कोणालाही धरून ओझं वाहायला लावू शकायचा, कुरेनेकर शिमोनाला येशूचा वधस्तंभ वाहायला लावला तो तसाच. अशा परक्या सत्तेच्या माणसाबरोबर येशू दोन कोस जायला सांगतो (मत्तय 5:41). पहिला कोस जबरदस्तीचा, दुसऱ्या कोसात तुम्ही मोकळे असता, तिथे शिपाई मालक राहत नाही.

तुमच्या आयुष्यात जो माणूस तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देतो त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत घाला. त्याला देव शिक्षा करो म्हणून नको, त्याच्या तब्येतीसाठी, मुलांसाठी, कामासाठी. आणि मग एक छोटी मदत करा जी त्याने मागितलेली नाही. मत्तय 25 मध्ये भुकेले, तहानेले, परके, उघडे, आजारी आणि तुरुंगातले अशी सहा प्रकारची माणसं आहेत. ह्यातल्या एकाशीही तुमची ओळख नसेल तर आधी ओळख करून घ्या. हॉस्पिटलच्या वॉर्डात ज्याला भेटायला कोणीच येत नाही त्याच्याजवळ अर्धा तास बसणं कोणालाही जमतं. धर्मांतराची घाई घेऊन जाऊ नका, माणूस म्हणून जा, त्याने विचारलं तर आपली आशा नम्रतेने सांगा (1 पेत्र 3:15).

एकट्याने हे टिकत नाही

येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. तुम्हीही एक किंवा दोन माणसं शोधा, शक्यतो पुरुषांनी पुरुष आणि बायकांनी बायका, जी गोष्ट बाहेर नेणार नाहीत अशी. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेटा, व्हिडिओ कॉलही चालेल, आणि तीनच प्रश्न विचारा: मागच्या वेळी ठरवलेलं केलं का? नाही केलं तर नेमकं काय आडवं आलं? ह्या आठवड्यात कोणती एक आज्ञा, कोणत्या माणसाबरोबर, कोणत्या दिवशी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जास्त प्रेमाने वागेन" असं असेल तर ते मान्य करू नका, "शुक्रवारी काकांना फोन करून जमिनीच्या कागदांबद्दल खरं सांगेन" असं असेल तर लिहून घ्या.

न जमलेलं ऐकल्यावर लगेच उपदेश सुरू करू नका. 1 योहान 1:9 एकत्र वाचा, पाप कबूल करायला वेळ द्या, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, आणि तीच आज्ञा पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा घ्या. नवी घेऊ नका. शुक्रवारचा फोन राहिला असेल तर नवीन दिवस ठरवा, आणि हवं असेल तर फोन करताना दुसऱ्याने शेजारी बसावं.